धनाजीरावांनी बंद केलेली पहिली वस्तू

धनाजीराव खानविलकरांनी उघडलेली वस्तू पुन्हा बंद झालेली अकोटा भागात कोणी पाहिली नव्हती. उघडण्यात मात्र त्यांचा हात धरणारा अख्ख्या बडोद्यात मिळाला नसता. मिक्सर, भिंतीवरचं घड्याळ, पत्नी विजयमालाबाईंचं शिवणयंत्र, रक्तदाब मोजायचा डबा, एवढंच काय, व्याह्यांनी दिलेली विजेवर फिरणारी समईसुद्धा त्यांनी उघडली होती. आत काय असतं ते कळलं पाहिजे, बस्स! ते कळलं की धनाजीरावांचं समाधान होई आणि वस्तूचं आयुष्य संपे. खानविलकरांच्या चार पिढ्या संस्थानच्या पागेत नोकरीला होत्या. घोडा उघडून बघता येत नाही म्हणून ती नोकरी टिकली, असं विजयमालाबाई आल्यागेल्याला सांगत.

आता यात धनाजीरावांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. वीज कंपनीत पस्तीस वर्षं त्यांनी मीटरं वाचली. रोज शंभर मीटरं, सगळी सीलबंद, आणि सील तोडलं तर नोकरी जायची. मिठाईच्या दुकानात नोकरी आणि तोंडाला कुलूप, अशातली गत. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला तो आजतागायत खाली ठेवलेला नाही. उघडलेल्या वस्तू मागच्या खोलीत जात आणि त्यांचे स्क्रू श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत. "मी कधीतरी बसवणार आहे सगळं," असं ते म्हणत, आणि त्या 'कधीतरी'वर त्यांचा स्वतःचा विश्वास होता. बाकी कोणाचा नव्हता.

अशा माणसाच्या दारात यंदा पितृपक्षाच्या दुसऱ्याच दिवशी टेम्पो थांबला. टेम्पोतून मेहुणे सुभाषराव उतरले आणि त्यांच्यामागून तीन तुकड्यांत एक भलंमोठं लाकडी कपाट. वरच्या तुकड्यात काच, मधल्यात एक दांडी आणि तीन लाल बटणं, खालच्याच्या पोटात नाणं टाकायची फट.

"दाजी, छाणी गावातलं गोडाऊन रिकामं करतोय," सुभाषराव म्हणाले. "हे आमच्या भाडेकरूचं. त्याचं आइस्क्रीमचं दुकान होतं ना, तिथलं व्हिडिओ गेमचं मशीन. भंगारात घालायला जीव होईना. म्हटलं, तुम्हाला आवडेल."

"सुभाष!" विजयमालाबाई दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतूनच कडाडल्या. "पितृपक्षात नवीन वस्तू घरात आणतोस?"

"ताई, नवीन कुठंय? पंचवीस वर्षांची जुनी आहे."

विजयमालाबाईंना उत्तर नसलं की त्या निकाल देत. तुकडे दिवाणखान्यात मांडले गेले, सुभाषराव चहा न घेता पळाले, आणि विजयमालाबाई म्हणाल्या, "अहो, ऐका. मागची खोली भरली. आता हे दिवाणखान्यात. उद्या स्वयंपाकघरात याल. दसऱ्यापर्यंत मुदत. हे बंद होऊन, चालू होऊन, घराबाहेर गेलं पाहिजे. नाही गेलं तर एकादशीला भंगारवाला येईल, आणि याच्याबरोबर मागची खोलीही नेईल."

"खोली?"

"खोलीतलं सगळं. डब्यांसकट."

बायको रागावते ते धनाजीरावांना सवयीचं होतं, पण आज ती रागावली नव्हती, शांतपणे बोलत होती. घाबरून त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अगं, मी हे घरात ठेवणारच नाहीये! दान करणार आहे!"

"कोणाला?"

हा विचार केलेला नव्हता. धनाजीरावांची नजर भिंतीवर फिरली आणि कॅलेंडरवर येऊन थांबली. कॅलेंडर 'संजीवन बालरक्त केंद्रा'चं होतं. थॅलेसेमिया झालेली मुलं तिथे दर तीन आठवड्यांनी रक्त चढवून घ्यायला येतात, चार-चार तास बसून असतात, असं सप्टेंबरच्या पानावर छापलं होतं. "या मुलांना," धनाजीराव म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांना स्वतःलाच ते फार बरं वाटलं.

विजयमालाबाईंनी कॅलेंडरकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "मग धड द्या," एवढंच बोलून त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी धनाजीरावांनी मशीनचं पोट उघडलं. आत उंदराचं रिकामं घरटं, दोन पाली, एका मुलीची निळी रिबन, आणि नाण्यांच्या डब्यात नाणी सोडून सगळं. म्हणजे नाण्याच्या आकाराच्या पत्र्याच्या गोल चकत्या! त्या काळच्या पोरांनी नाण्याऐवजी चकत्या टाकून मशीनला गंडवलं होतं. आता दुसरा कोणी असता तर हसला असता आणि कामाला लागला असता. धनाजीराव चकती उन्हात धरून बघत बसले. कड इतकी साफ! ही हातानं कापलेली नाही, ही यंत्रातून पडलेली आहे. कुठल्या यंत्रातून? झालं! दोन दिवस ते वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीत फाटकाफाटकावर चकती दाखवत हिंडले. शेवटच्या फाटकावरच्या रखवालदारानं पंख्याची जाळी बनवताना असल्या चकत्या पडतात हे सांगितलं, तेव्हा त्यांना पोरगी उजवल्यासारखा आनंद झाला. या माहितीचा मशीनला काडीचा उपयोग नव्हता. मुदतीतले दोन दिवस मात्र गेले.

तोवर बातमी सोसायटीत फिरली होती. वरच्या मजल्यावरचे रमाकांत वैद्य पहिले आले. वैद्य म्हणजे निवृत्त ग्रंथपाल. जगातला कुठलाही प्रश्न नोंद नीट न केल्यामुळे निर्माण होतो, असं त्यांचं ठाम मत.

"धनाजीराव, तुम्ही वस्तू बंद का करू शकत नाही, सांगू? तुम्ही नोंद करत नाही," ते म्हणाले आणि घरून जुनी कोरी कार्डं घेऊन आले. प्रत्येक वायरला त्यांनी दोऱ्यानं एक कार्ड बांधलं. कार्डावर वळणदार अक्षरात क्रमांक, रंग, उगम, शेवट. एका वायरवर तर 'सतरा पाहा' असं लिहिलं होतं, आणि सतरावर 'नऊ पाहा'. नऊ क्रमांकाची वायर उंदरानं खाल्ली होती. वैद्यांनी त्या जागी 'गहाळ' असं कार्ड लावलं आणि खाली सही केली.

दुसरे तळमजल्यावरचे अरविंदभाई. यांचा नोंदीवर विश्वास नव्हता, हातावर होता. ते रोज सकाळी येत, मशीनभोवती एक फेरी मारत आणि म्हणत, "धनाजीभाई, एक लाफो मारो ने!"

लाफो म्हणजे थप्पड. धनाजीराव तुच्छतेनं हसत. वीज कंपनीचा माणूस मशीनला थप्पड मारतो? त्यांनी गहाळ वायर नवी घातली, काच पुसली, आतल्या सर्किटच्या पट्ट्यांवरची धूळ रंगाच्या ब्रशनं काढली, बटणांच्या स्प्रिंगा बदलल्या. बारा दिवस त्यांनी इतक्या निगुतीनं काम केलं की विजयमालाबाईसुद्धा दोनदा चहा तिथेच आणून ठेवून गेल्या. बाराव्या दिवशी घटस्थापना. सोसायटीतले पाचसहा जण जमवून धनाजीरावांनी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. अरविंदभाई शांतपणे पुढे आले आणि त्यांनी मशीनच्या डाव्या कुशीत एक सणसणीत ठेवून दिली.

काच उजळली. रणशिंगासारखा आवाज झाला. निळ्या आकाशात रंगीबेरंगी किडे रांगेनं उडू लागले.

टाळ्या अरविंदभाईंसाठी वाजल्या. धनाजीरावांनीही वाजवल्या, पण बारा दिवसांची मेहनत एका थपडेनं पळवावी, हे त्यांना फार लागलं. शिवाय चित्र उलटं होतं. आकाश खाली आणि विमान वर. त्या संध्याकाळी निम्मी सोसायटी माना वाकड्या करून खेळली. दोन वायरींची अदलाबदल करून चित्र सुलटं करायला आणखी दोन दिवस गेले. कारण त्या दोन्ही वायरींवरच्या कार्डांवर एकमेकींकडे पाहा असं लिहिलं होतं.

मशीन तयार! मग धनाजीराव केंद्राच्या ऑफिसात गेले. वाटलं होतं, हार नाही तर निदान खुर्ची मिळेल. कारकुनानं खिडकीतून अर्ज सरकवला.

"मशीनचं बिल?"

"जुनं आहे हो. दान आहे."

"मग वीज सुरक्षेचा दाखला."

"पस्तीस वर्षं वीज कंपनीत होतो मी. आत्ता लिहून देतो."

"दात्याचा दाखला चालत नाही, काका."

धनाजीराव स्वतःच्या जुन्या ऑफिसात गेले. तिथल्या नव्या साहेबानं अदबीनं बसवलं, पाणी दिलं आणि मशीनचा ग्राहक क्रमांक विचारला. मशीनला ग्राहक क्रमांक नसतो हे पटवण्यात एक दुपार गेली. शेवटी साहेबानं स्वतः घरी येऊन मशीन तपासलं, पाऊण तास खेळला आणि दाखला दिला. तो घेऊन धनाजीराव परत खिडकीशी आले, तर कारकून म्हणाला, "यात पैसे टाकायची फट आहे ना? मग हे जुगाराचं यंत्र नाही, असं चौकीतून लिहून आणा."

खानविलकरांच्या खानदानात पोलीस चौकीची पायरी कोणी चढलं नव्हतं. धनाजीराव रुमालानं घाम पुसत चढले. ठाणेदार साहेबांनी मशीनचे फोटो लक्षपूर्वक पाहिले.

"काका, आमां पैसा नाखीए तो पाछा आवे?"

"नाही."

"क्यारेय नहीं?"

"एकदाही नाही. गेले ते गेले."

"तो आ जुगार नथी," साहेब कागदावर शिक्का मारत म्हणाले. "आ तो वेरो छे." पैसा जातो आणि परत येत नाही, म्हणजे हा कर झाला! अख्खी चौकी हसली. धनाजीराव हसले नाहीत. कागद मिळाल्याच्या आनंदात विनोद त्यांना घरी आल्यावर कळला.

केंद्राच्या प्रमुख मंदाकिनीबेन दिघे यांनी फोन केला. बाई आपल्याच मराठी, पण बडोद्यात सगळ्याच बेन होतात. "खानविलकर काका, दसऱ्याला सकाळी अकराला आणा. रक्ताला काही सुट्टी नसते, मुलं असतीलच. दोन वाजता मात्र आम्ही बंद करतो."

खंडेनवमीला खानविलकरांकडे शस्त्रं पुजतात. देवघरापुढे पाटावर आजोबांची तलवार, कट्यार, आणि हल्ली काही वर्षं धनाजीरावांची हत्यारं. स्क्रू ड्रायव्हर, पकड, पाने, सगळं लहानमोठं ओळीनं. विजयमालाबाईंनी झेंडूची फुलं वाहिली, हळदकुंकू वाहिलं, आणि मग कोणी न सांगता दिवाणखान्यात जाऊन मशीनलाही कुंकवाचं बोट लावलं. धनाजीरावांनी ते पाहिलं. तीन तुकडे जोडून, पाठीला दार लावून, छोटं कुलूप घालून बंद केलेलं मशीन! त्यांनी आयुष्यात बंद केलेली पहिली वस्तू. मागची खोली वाचली, असं समजून ते त्या दिवशी श्रीखंड दोनदा मागून जेवले.

दसऱ्याला सकाळी दहाला चार हमाल आले. मशीन उचललं, दारापर्यंत नेलं, आणि थांबले.

"साहेब, हे बाहेर निघणार नाही."

"निघणार नाही म्हणजे? आलंय याच दारातून!"

आलं होतं तीन तुकड्यांत, एकेक तुकडा कुशीवर वळवून. जोडल्यावर ते दारापेक्षा चार बोटं रुंद झालं होतं. आयुष्यभर उघड्या वस्तूंशी संबंध आलेल्या माणसाला, बंद झालेली वस्तू केवढी होते याचा अनुभवच नव्हता. आडवं करून पाहिलं, तिरकं करून पाहिलं, एका हमालानं खिडकीकडे आशेनं पाहिलं. घर दुसऱ्या मजल्यावर.

"सोप्पंय," धनाजीराव म्हणाले. "दार चौकटीसकट काढू. आठ स्क्रू." आणि देवघराकडे वळले.

देवघराच्या उंबऱ्यात विजयमालाबाई उभ्या होत्या. "पुजलेलं हत्यार सीमोल्लंघनाआधी उचलायचं नाही."

"अगं, स्क्रू ड्रायव्हर आहे तो!"

"काल पाटावर तुम्हीच ठेवलात. तलवारीशेजारी. मामंजींनी कधी उचललं नाही, तुम्हीही उचलायचं नाही."

सीमोल्लंघन संध्याकाळी. केंद्र दोनला बंद. भंगारवाला उद्या सकाळी. धनाजीराव मशीनला टेकून मटकन खाली बसले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून हमालांनीही बिड्या विझवल्या.

जिन्यात जमलेल्या गर्दीतून वैद्य पुढे आले. "वहिनी, नियमाचा मजकूर नीट पाहू. पुजलेलं हत्यार उचलायचं नाही. बरोबर. न पुजलेलं?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "मारी पासे डिसमिस छे!" अरविंदभाई ओरडले आणि खाली धावले. बडोद्यात स्क्रू ड्रायव्हरला डिसमिस म्हणतात. ते घेऊन ते धापा टाकत वर आले आणि निकालासाठी उभे राहिले. विजयमालाबाईंनी क्षणभर विचार केला.

"अरविंदभाईंचं असेल तर वांधा नाही. पण दारच उघडायचं, मशीन नाही. आणि यांनी हात लावायचा नाही. अरविंदभाई उघडतील."

स्वतःच्या घराचं दार दुसऱ्यानं उघडावं आणि आपण हाताची घडी घालून बघावं, आठही स्क्रू! धनाजीरावांच्या बोटांना नुसती खाज सुटली होती. पण दार निघालं, तोरणासकट भिंतीला टेकलं, आणि पावणेबारा वाजता मशीन संजीवन केंद्राच्या मोठ्या खोलीत उभं राहिलं. विजयमालाबाई सोबत आल्या होत्या, पैठणी नेसून. मशीन खरंच पोचतं का ते त्यांना स्वतः बघायचं होतं. धनाजीरावांनी मागच्या दाराची किल्ली मंदाकिनीबेनच्या हातात ठेवली. "ही तुमच्याकडे. आता मी उघडणार नाही."

बटण दाबलं. काच उजळली, रणशिंग वाजलं. आरामखुर्च्यांत बसलेल्या दहाबारा मुलांनी माना वळवल्या आणि डोळे मोठे केले. पण जागचं कोणी हललं नाही.

मंदाकिनीबेन हळूच म्हणाल्या, "काका, याला दोन हात लागतात ना? दांडीला एक, बटणांना एक?"

धनाजीरावांनी पाहिलं. प्रत्येक मुलाच्या एका हातात सुई होती, सुईवर पट्टी, आणि तो हात उशीवर स्थिर. कोणाचा डावा, कोणाचा उजवा. खेळायला प्रत्येकाकडे एकच हात. मशीनच्या आत काय आहे ते सगळं त्यांनी पंचवीस दिवस पाहिलं होतं. मशीनसमोर कोण बसणार आहे, ते बघायला मात्र ते ऑफिसच्या खिडकीपलीकडे एकदाही आले नव्हते. त्यांना स्वतःची लाज वाटली. विजयमालाबाईंकडे बघायची तर हिंमतच होईना.

"राहू द्या हो, शोभेला छान आहे," मंदाकिनीबेन समजुतीनं म्हणाल्या.

तेवढ्यात नऊएक वर्षांची एक मुलगी, शिवांगी तिचं नाव, रक्ताच्या बाटलीचा चाकांचा स्टँड ढकलत सिस्टरबरोबर आली आणि स्टुलावर बसली. मोकळ्या हातानं तिनं दांडी धरली. "दादाजी, हूं दांडी फेरवीश. तमे बटन दबावो."

धनाजीराव शेजारी बसले. विमान उडालं, किडे आले, आणि विमान फुटलं. पुन्हा उडालं, पुन्हा फुटलं. शिवांगीनं त्यांच्याकडे रागानं पाहिलं. "तमे क्यां जुओ छो?"

कुठे बघताय, हा प्रश्न बरोबरच होता. धनाजीरावांचं लक्ष काचेत नव्हतंच. बटण दाबल्यावर आत किंचित कर्र असा आवाज येत होता, तो कुठून येतो ते ते कान लावून ऐकत होते.

"तमे उठो," शिवांगी म्हणाली आणि पैठणीकडे बोट दाखवलं. "दादी, तमे आवो."

"मी? अगंबाई, मला नाही गं यातलं काही…" म्हणत विजयमालाबाई बसल्या. पहिल्या वेळी त्यांनी डोळे मिटून बटण दाबलं. दुसऱ्या वेळी उघडे ठेवून. तिसऱ्या वेळी किड्यांची अख्खी रांग साफ झाली आणि खोलीत आरडाओरडा झाला. "डावीकडे घे गं, डावीकडे! हां, आता बघते त्याला!" विजयमालाबाईंचा पदर खांद्यावरून घसरला तो त्यांना कळला नाही. तोवर मंदाकिनीबेननी डाव्या हातात सुई असलेली मुलं आणि उजव्या हातात असलेली मुलं जोड्याजोड्यांनी बसवायला घेतली होती. दोघांत मिळून दोन हात, झालं काम. रांग लागली. विजयमालाबाईंना मात्र कोणी उठवायला तयार नव्हतं आणि त्याही उठायला तयार नव्हत्या.

खेळ संपला. शिवांगीनं त्यांना टाळी दिली. विजयमालाबाई दम खात बसून राहिल्या. मग त्यांनी लाल बटण एका बोटानं हळूच दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. मशीनच्या कुशीला कान लावला.

"अहो," त्या म्हणाल्या, "मी इथे दाबलं, हे त्याला आत कळतं तरी कसं?"

चाळीस वर्षांच्या संसारात बायकोच्या तोंडून धनाजीरावांनी असला प्रश्न कधी ऐकला नव्हता. त्यांना एकदम भरून आलं. उत्तर तर पाठ होतं.

"सांगून नाही कळायचं," ते म्हणाले. "दाखवावं लागेल."

"मग दाखवा की."

मंदाकिनीबेननी किल्ली पुढे केली. धनाजीरावांनी आधी भिंतीतून प्लग काढला, आणि विजयमालाबाईंनी मुलांना नीट दिसावं म्हणून आपलं स्टूल बाजूला सरकवलं.